तंबोरा, काटा आणि पिको २

मोबाईलवरचं ट्यूनर ॲप गिटारवर झकास चालतं. हार्मोनियमवरही चालतं. तंबोऱ्यासमोर धरलं की मात्र त्याची सुई पिसाळते. तार छेडल्यावर क्षणभर सा दाखवते, मग एकदम वरच्या सप्तकात उडी, तिथून पंचम, मध्येच गंधार, आणि तार विझत आली की परत सा. मिरजेत ज्या कारखान्यात मी कामावरून सुटल्यावर जाऊन बसतो, तिथल्या चाचांना या सुईचं हसू येतं. त्यांना ॲपची गरज नाही. पण त्यांचा पुतण्या नुकताच हाताखाली आलाय, आणि नव्या तारा ओढलेला तंबोरा पहिल्यांदा ढोबळ सुरात आणायचं काम त्याच्याकडे असतं. चाचांचं म्हणणं एवढंच होतं: "पोराला अंदाज येईल असं कायतरी कर की रे. दर खेपेला हातातली जवारी टाकून मला उठाय लागतंय."

मी कुपवाडच्या एमआयडीसीत पॅनेलच्या देखभालीचं काम करतो. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा इवला संगणक, हा घरचा उद्योग, पदरचे पैसे घालून केलेला. त्यामुळे नवीन बोर्ड आला की हात शिवशिवतात, पण खिसा आधी विचारतो की जुन्याने नक्की कुठे अडतंय. या कामात प्रत्येक वेळी ते "कुठे" एका आकड्यावर बोट ठेवून सांगता आलं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी तंबोऱ्याबद्दल थोडं. मिरजेत वाद्यं घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या फरीदसाहेब सतारमेकरांपर्यंत मागे जाते, आणि २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर भागातून येतात. तंबोऱ्याचा जीव मात्र घोडीवर असतो. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो, आणि तार त्या उतारावर घासत कंप पावते. त्यात तारेखाली एक सुताचा दोरा सरकवून नेमक्या जागी आणला की आवाज उघडतो. ही जवारी. भौतिकशास्त्राच्या अंगाने याकडे सी. व्ही. रामन यांनी लक्ष वेधलं होतं. १९२१ साली त्यांनी मांडलं की साध्या तारेत छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर दबायला हवेत, तेसुद्धा तंबोऱ्याच्या घोडीमुळे ठणठणीत ऐकू येतात. म्हणजे मूळ स्वर नाजूक आणि त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट उपस्वर जोरात, तेही एकामागून एक पुढे येणारे. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार म्हणजे तिचा पाचवा उपस्वर. जे ॲप सगळ्यात मोठ्या आवाजाच्या कंपनसंख्येला "हाच स्वर" म्हणतं, ते इथे फसणारच.

घरात अर्दुइनो ऊनो हा जुना मायक्रोकंट्रोलर बोर्ड पडलेला होता, सुरुवात त्याच्यावर केली. ऊनोवरची चिप एटीमेगा३२८पी. वेग १६ मेगाहर्ट्झ, फ्लॅश ३२ किलोबाइट, रॅम २ किलोबाइट. टाकीची पातळी बघायला, मोटर बंद-चालू करायला एवढं रग्गड. आवाज मात्र रॅम खातो. ५१२ नमुने प्रत्येकी दोन बाइटचे घेतले की १ किलोबाइट गेला, आणि एफएफटी (आवाज कंपनसंख्यांच्या कप्प्यांत वाटणारं गणित) करायची तर काल्पनिक भागासाठी तेवढीच जागा आणखी लागते. झाली रॅम. सेकंदाला ४००० नमुने घेतले तर ५१२च्या गटात एक कप्पा ७.८ हर्ट्झचा पडतो. आता काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ, आणि त्याच्या शेजारचा स्वर, पांढरी दोन, तिथून ८.२ हर्ट्झवर. म्हणजे यंत्राचा एक कप्पा जवळजवळ अख्ख्या अर्धस्वराएवढा. खर्ज तर त्याच्याही खाली, ६९.३ हर्ट्झवर. तिथे शेजारचा स्वर ४.१ हर्ट्झवरच येतो, म्हणजे एकाच कप्प्यात दोन स्वर.

दुसरी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. मूळ ऊनोवर मुख्य चिपच्या घड्याळाला क्वार्ट्झ नसतं, सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि त्याची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या घरातली. एरवी अर्ध्या टक्क्याने कुणाचं बिघडत नाही. स्वरांच्या हिशेबात अर्धा टक्का म्हणजे साडेआठ सेंट. अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट, आणि तयार कानाला पाच सेंटचा फरक सहज टोचतो. ज्या मोजपट्टीतच साडेआठ सेंटची खोट असू शकते, तिने तंबोरा लावायचा तरी कसा? ऊनो परत डब्यात गेला. वाईट म्हणून नव्हे, या कामाचा तो नव्हे म्हणून.

मग बाजारात काय काय आहे ते बघायला बसलो. गेल्या पाच वर्षांत हौशी माणसासाठी एवढे बोर्ड आलेत की निवडणं हेच निम्मं काम. माझ्या मागण्या थोड्या होत्या: निदान ४००० नमुने मावतील अशी रॅम, क्वार्ट्झचं घड्याळ, डिजिटल माइक जोडता येणं, आणि किंमत पाचशे-सातशेच्या आत. वायफाय नको. कारखान्यात तंबोऱ्याशेजारी इंटरनेट कशाला?

ऊनोचाच नवा अवतार आर४, २०२३चा. त्यात रेनेसासची ४८ मेगाहर्ट्झची कॉर्टेक्स-एम४ चिप आणि ३२ किलोबाइट रॅम. दशांशाचं गणित हार्डवेअरमध्ये होतं, जुने पाच व्होल्टचे शील्ड (वर खोचायचे जोडबोर्ड) चालतात. पण ४०९६ नमुने चार-चार बाइटचे ठेवले की १६ किलोबाइट जातात, उरलेल्या सोळात बाकीचा संसार करायचा. ईएसपी३२-एस३ ताकदवान, दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, मात्र ज्या वायफायसाठी तो घ्यायचा तेच मला नको होतं. त्याच घरातले सी३ आणि सी६ रिस्क-व्ही या खुल्या रचनेच्या गाभ्याचे, स्वस्त आणि छान. सी६मध्ये तर वायफाय ६ आणि झिग्बीसुद्धा. दोघांतही दशांशाचं हार्डवेअर नाही. सीएच३२व्ही००३ नावाची चिनी चिप दहा अमेरिकी सेंटच्या (हे पैशांतले सेंट) आसपास मिळते म्हणून तिची फार चर्चा झाली. तिची रॅम बघितली, २ किलोबाइट. नवी आहे, स्वस्त आहे, पण माझ्यासाठी ऊनोच. सी-डॅकचा एरीज बोर्डही मोहात पाडून गेला. आपल्याकडे डिझाइन झालेली थेजस३२ चिप, १०० मेगाहर्ट्झ, २५६ किलोबाइट रॅम. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, हा वेगा प्रोसेसर मात्र त्यांच्या तिरुअनंतपुरमच्या केंद्रातला. रॅम पुरेशी होती, दशांशाचं हार्डवेअर तिथेही नव्हतं. तो मी नंतर दुसऱ्या कामासाठी घेतला, ती गोष्ट वेगळी. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झालेला ऊनो क्यू, ज्याच्यावर लिनक्सही चालतं आणि शेजारी मायक्रोकंट्रोलरही आहे, तो बघून चाचांना म्हटलं, तंबोऱ्याला आता बूट व्हायला वेळ द्यायचा का? त्यांना बूट म्हणजे पायातलाच वाटला.

शेवटी रास्पबेरी पाय पिको. जानेवारी २०२१मध्ये चार डॉलरला आलेला बोर्ड, आरपी२०४० चिपचा. दोन कॉर्टेक्स-एम०प्लस कोअर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ किलोबाइट रॅम आणि १२ मेगाहर्ट्झचं क्वार्ट्झ. दशांशाचं हार्डवेअर यातही नाही, पण माझ्या मूळ मागण्या पुऱ्या होत होत्या. तीस पीपीएमचं (दहा लाखांत तीस भाग चुकणारं) क्वार्ट्झ म्हणजे चूक सेंटच्या विसाव्या हिश्शाएवढी, ती कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही. सांगली-मिरजेत हे बोर्ड दुकानात हमखास मिळतील असं नाही. पुण्याला गेलो की तापकीर गल्लीत चक्कर असते, नाहीतर कुरिअर.

माइकसाठी आधी पिकोचाच एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारा भाग, वापरून पाहिला. कागदावर तो १२ बिटांचा, पण डेटाशीटच सांगते की कामाचे बिट ८.७. बोर्डावरचा स्विचिंग रेग्युलेटरही कुरकुरतो. जीपीआयओ २३ ही पिन ‘हाय’ केली की रेग्युलेटर कायम पीडब्ल्यूएम मोडमध्ये जातो आणि कुरकुर बरीच कमी होते. ही युक्ती साध्या पिकोपुरती, वायफायवाल्या पिकोत ती पिन वेगळ्या कामाला आहे. तरीही तार विझताना आवाज गोंगाटात बुडायचा, आणि तंबोऱ्यात ऐकायचं ते नेमकं विझतानाच. म्हणून आयएनएमपी४४१ घेतला. हा माइक आकडेच पाठवतो, आय२एस नावाच्या तीन तारांच्या बोलीत, २४ बिटांचे. आरपी२०४०मध्ये आय२एसची वेगळी यंत्रणा नाही, पण पीआयओ आहे: चार-पाच ओळींचा छोटा प्रोग्रॅम पिनांवर स्वतंत्र चालवणारी आठ इवलीशी यंत्रं. पिकोचं खरं वैभव मला हेच वाटतं. कुठल्याही परक्या बोलीचा दुभाषी आपल्याला आपणच घडवता येतो.

या माइकच्या मॉड्यूलवर आवाजाचं भोक खालच्या बाजूला, पीसीबीतून आरपार असतं. वरची चकचकीत डबी म्हणजे पाठ. कारखान्यात भोपळ्याची तासणी चालू असते, पॉलिश पेपरची भुकटी उडते, लाखेचा वास भरलेला. त्या भोकावर पातळ सुती कापडाचा तुकडा चिकटवला, कडांनीच, भोकावर डिंक येणार नाही असा. सोल्डरिंग करतानाही भोकावर टेप लावून ठेवली होती, फ्लक्स आत गेला की माइक बहिरा. एल/आर ही पिन ग्राउंडला बांधायची, नाहीतर आवाज डाव्या कानात की उजव्या हे त्याचं त्यालाच कळत नाही.

माइक चालतो का हे थॉनी या प्रोग्रॅम लिहायच्या ॲपमध्ये मायक्रोपायथनवर बघितलं. आकडे यायला लागले, टाळी वाजवली की फुगायचे. हिशेबासाठी सी. एफएफटी सोडून दिली आणि स्वतःशीच तुलना करणारी पद्धत घेतली: आवाजाची एक नक्कल थोडी थोडी मागे सरकवत न्यायची आणि कुठे ती मूळ आवाजाशी सगळ्यात चांगली जुळते ते बघायचं. जेवढं सरकवल्यावर जुळलं तेवढा एका कंपनाचा काळ. मूळ स्वर नाजूक असला तरी हरकत नाही, कारण सगळे उपस्वर मिळून जो आवाज होतो त्याचा पुनरावृत्तीचा काळ मूळ स्वराएवढाच असतो. याचंच सुधारलेलं रूप यिन नावाने २००२पासून माहितीचं आहे, मी तेच लिहिलं. सेकंदाला १६,००० नमुने, एका वेळी ४०९६, म्हणजे पाव सेकंदाचा तुकडा.

इथे एम०प्लसची मर्यादा समोर आली. काळी एकच्या ‘सा’साठी ११५ नमुन्यांचं सरकणं लागतं. ११५ आणि ११६ यांत फरक १५ सेंटचा. म्हणून दोन नमुन्यांच्या मधली जागा काढावी लागते, तीन बिंदूंमधून परवलय ओढून. इथे दशांश आले, आणि यिनमध्ये भागाकारही आहेत. आरपी२०४०ला दशांशाचं हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरने, एकेका गुणाकाराला बरीच चक्रं. काटा सेकंदाला जेमतेम एकदा हलायचा. खुंटी पिळणाऱ्याला तेवढा उशीर चालत नाही, तो तोवर पुढे निघून जातो. पूर्णांकांत लिहून वेग आणला. तेही जमलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण प्रत्येक ओळीत किती बिट डावीकडे, किती उजवीकडे, कुठे आकडा ओसंडेल, याचा हिशेब ठेवत बसायचा. काही दिवसांनी तोच कोड उघडला की मलाच तो परक्याचा वाटायचा, आणि एखादा बदल करून बघावा अशी इच्छाच मरायची.

पिको २ घ्यायला हे कारण मला पुरेसं होतं. ऑगस्ट २०२४मध्ये पाच डॉलरला आलेला, चिप आरपी२३५०. १५० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम, ४ मेगाबाइट फ्लॅश, पीआयओची यंत्रं आठाऐवजी बारा. आणि मुख्य म्हणजे कॉर्टेक्स-एम३३ कोअरमध्ये दशांशाचं हार्डवेअर. याच चिपमध्ये हॅझर्ड३ नावाचे दोन रिस्क-व्ही कोअरही बसवलेत. दोन आर्म घ्या, दोन रिस्क-व्ही घ्या किंवा एकेक. रिस्क-व्हीचं कौतुक मलाही आहे, पण हॅझर्ड३ला दशांशाचं हार्डवेअर नाही, म्हणजे ज्यासाठी बोर्ड घेतला तेच हातचं जायचं. आर्मच ठेवले.

पिनांची मांडणी जुन्या पिकोसारखीच. ब्रेडबोर्डवरून एक बोर्ड उपसला, दुसरा खोचला, एकही तार हलवली नाही. जुनी यूएफ२ फाइल (बोर्डावर टाकायचा तयार प्रोग्रॅम) मात्र नव्यावर चालत नाही. बोर्डाचं नाव पिको २ करून परत कंपाइल करायचं, बूटसेल बटण दाबून केबल लावायची, संगणकावर आरपी२३५० नावाची ड्राइव्ह उगवते, तिच्यात फाइल टाकायची. रीसेटचं बटण याही बोर्डावर दिलेलं नाही. रन आणि ग्राउंड यांच्यात एक बटण आपणच लावून घ्यावं, नाहीतर केबल उपसून-खोचून सॉकेटची वाट लागते. आणि तो सॉकेट २०२४मध्येही मायक्रो-यूएसबी! घरात सगळ्यांचे चार्जर टाइप-सीचे झालेत, या एका बोर्डासाठी जुनी केबल लपवून ठेवायची.

नव्या चिपची त्रुटींची यादी आधी वाचायची सवय मला पॅनेलच्या कामाने लावलीय. आरपी२३५०च्या पहिल्या आवृत्तीच्या यादीत ई-९ नावाची नोंद आहे. इनपुट पिनला आतला पुल-डाऊन (पिन शून्याकडे ओढून धरणारा रेझिस्टर) लावला तर पिन २.२ व्होल्टच्या आसपास अडकून राहू शकते, म्हणजे बटण सोडलं तरी दाबलेलंच. उपायही तिथेच दिलाय, बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर. मी सगळी बटणं ग्राउंडकडे घेतली आणि आतला पुल-अप वापरला, विषय मिटला. २०२५मध्ये ए४ आवृत्तीत ही त्रुटी काढलीय, नवीन घेणाऱ्याने तीच मिळते का बघावं.

पूर्णांकांची कसरत काढून टाकली आणि यिन पुस्तकात असतं तसं सरळ लिहिलं. एक कोअर माइकचे नमुने गोळा करतो, दुसरा हिशेब करतो. काटा सेकंदाला अनेकदा हलायला लागला. एवढं झालं आणि बोर्डाचा प्रश्न संपला. तंबोऱ्याचा सुरू झाला.

पुतण्या चारही तारा ओळीने छेडत बसला होता, जशा छेडतात तशा: पंचम, जोड, जोड (मधल्या दोन सारख्या ‘सा’च्या तारा), खर्ज. यंत्र म्हणालं, ३४.६५ हर्ट्झ. तंबोऱ्यात त्या स्वराची तारच नाही. खर्जाच्याही एक सप्तक खाली. आधी माइकवर संशय घेतला, मग वीजपुरवठ्यावर. मग कागद घेतला. जोडाचा सा १३८.६, पंचम त्याच्या पाऊणपट, १०३.९५, खर्ज निम्मा, ६९.३. तिन्ही आकड्यांना ३४.६५ने भागा: चार, तीन, दोन. तिनाची आणि चाराची लय एकत्र धरली की दोघांची सम जिथे पडते, तिथेच यंत्र बोट ठेवत होतं. हिशेब चुकला नव्हता. चारही तारा एकत्र गुंजतात तेव्हा सगळ्या आवाजाची पुनरावृत्ती खरोखरच सेकंदाला ३४.६५ वेळा होते. पंचमाची तार छेडताना बाकीच्या तारा हाताने दाबाव्यात म्हटलं, तर चाचा म्हणाले, "दाबून लावलेला तंबोरा सोडल्यावर तसाच बोलतोय व्हय?"

बरोबर होतं. मग तारेसाठी बटणं केली. पंचम, जोड, खर्ज. जी तार लावायची तिचं बटण दाबायचं, आणि यंत्राने तिच्या अपेक्षित स्वराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांतच शोधायचं, बाहेर बघायचंच नाही. ३४.६५ त्या खिडकीत येतच नाही. चार ओळींचा बदल. चिप कितीही वेगवान असती तरी ती हे स्वतःहून करणार नव्हती.

आणखी दोन बारीक गोष्टी चाचांशेजारी बसल्यामुळे कळल्या. जोरात छेडलेली तार सुरुवातीला किंचित चढी बोलते आणि मग बसते. म्हणून छेडल्यानंतरचा पहिला तुकडा यंत्र टाकून देतं. दुसरी गोष्ट पंचमाची. ॲप्सचा पंचम समान भागांच्या हिशेबातला, ‘सा’पासून बरोबर ७०० सेंटवर. कानाने लावलेला पंचम दीडपटीचा, म्हणजे ७०२. चाचांनी लावलेल्या पंचमावर माझा काटा सुरुवातीला दोन सेंट चढा दाखवायचा, दर वेळी तेवढाच, आणि ते बघून मला त्यांच्या कानाची धास्तीच वाटली. आता यंत्र काळी एक, पांढरी दोन वगैरे पट्टी मानतच नाही. आधी जोडाची एक तार गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे लावायची, बटण धरून ठेवायचं, यंत्र तो सा लक्षात घेतं आणि पंचम-खर्ज त्याच्या पाऊणपटीने आणि निमपटीने मागतं.

दाखवायला आधी छोटा ओएलईडी लावला होता. कारखान्यात तो कुणी वाचेना. खुंटी पिळणाऱ्याची नजर तारेवर असते, आकडे वाचायला मान वळवली की हात थांबतो. म्हणून भंगारवाल्याकडून जुन्या टेपरेकॉर्डरचा काट्याचा मीटर आणला. पिकोच्या पीडब्ल्यूएम (भरभर बंद-चालू होऊन हवं तेवढं सरासरी व्होल्टेज देणाऱ्या) पिनेवरून एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, मग मीटर. काटा मधोमध उभा राहील असा रेझिस्टर निवडला. मीटरची काच सोडवून आतली पट्टी काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर शाईने तीन खुणा केल्या, डावीकडे लिहिलं "उतरलाय", उजवीकडे "चढलाय", मध्ये नुसती रेघ. पूर्ण पल्ला दोन्हीकडे पन्नास सेंटचा. काटा डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो. ढोबळ सूर खुंटीवर, आणि रेघेच्या जवळ आला की घोडीखालचा मणी सरकवून बारीक काम, हे पुतण्याला सांगावं लागलं नाही.

वीज पॉवर बँकेवरून देता येत नाही, कारण यंत्र इतकं कमी खातं की बहुतेक पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून झोपतात. पिकोची व्हीसिस पिन १.८ ते ५.५ व्होल्ट काहीही घेते, तीन पेन्सिल सेल थेट लावले. डबा प्लायवूडचा, कारखान्यातल्याच कातरणाचा, आणि त्याला चाचांनी हौसेने तंबोऱ्याचंच पॉलिश मारलं. आतला बोर्ड पाचशेचा, बाहेरचं पॉलिश त्याहून महागाचं.

वापर ठरल्याप्रमाणे होतो. नव्या तारा ओढल्या की पुतण्या डबा तबलीपासून (तंबोऱ्याच्या पुढच्या लाकडी फळीपासून) वीतभर अंतरावर ठेवतो, जोड, पंचम, खर्ज रेघेवर आणतो. नव्या तारा ओढ खाऊन उतरतात, म्हणून तासाभराने परत. मग चाचा येतात, दोरा सरकवतात, आणि शेवटचा सूर डब्याकडे न बघता लावतात. जवारी उघडली आहे की बंद, हे माझा काटा सांगू शकत नाही. उपस्वरांची उंची वेळेनुसार कशी बदलते ते साठवून बघायला ५२० किलोबाइटमध्ये जागा आहे, तेही करून बघतोय. चाचांच्या दोन जवाऱ्यांचे आलेख एकमेकांसारखे येत नाहीत, आणि दोन्ही त्यांना पसंत आहेत.

आता त्यांची मागणी सतारीची. सतारीला तरफेच्याच (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) अकरा-तेरा तारा, त्या रागाप्रमाणे लावायच्या. एवढी बटणं डब्यावर मावायची नाहीत, म्हणून फिरवायचा एन्कोडर मागवलाय. दोन पिनांवरचे त्याचे ठोके मोजायला पीआयओचं एक यंत्र रिकामं आहेच. तरफेच्या वरच्या तारा चांगल्या उंच जातात, १६,००० नमुन्यांत त्यांचं एक सरकणं वीसेक नमुन्यांवर येईल, म्हणजे तिथे नमुने वाढवावे लागणार. माइक ते देऊ शकतो. मीटर दुसरा मिळवायचाय, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.